अमेरिकेतली झांज

आमच्या ह्यांना गाण्याची फार आवड, असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आवड वेगळी आणि लागण वेगळी. ह्यांना लागण झाली होती, आणि तीही कसली, तर जाझची. पिंपरीला तेव्हा कारखाना नुकताच उभा राहिला होता. कॉलनीच्या भिंतींचा चुना अजून अंगाला लागायचा, पाणी यायचं तर यायचं नाहीतर नाही, मागच्या माळावर कोल्हे ओरडायचे. अशा ठिकाणी माझा नवरा अमेरिकेतल्या पिपाण्या ऐकत बसायचा.

हे वेड देहूरोडचं. लढाईच्या दिवसांत हे तिथल्या लष्करी डेपोत कारकून होते. बराकीत गोऱ्यांचा ग्रामोफोन चालायचा आणि हे पावत्या घेऊन गेले की दारातच उभे राहायचे. एक काळा अमेरिकन सोल्जर ह्यांना त्यातलं सगळं समजावून सांगायचा म्हणे. काय समजावलं देव जाणे, कारण ह्यांचं इंग्रजी तेव्हा खिळेमोळे आणि टायरट्यूब एवढ्यापुरतं होतं. लढाई संपली, सोल्जर आपापल्या घरी गेले, आणि त्यांचं दुखणं मात्र आमच्या घरी राहिलं.

मला बघायला आले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ह्यांच्या मामांनी स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं, सुईत दोरा ओवून दाखवायला लावला. माझे वडील म्हणाले, "पोरगी भजन बरं म्हणते." आमचं गाव चाकणजवळ, वडील तिथल्या भजनी मंडळाचे बुवा. मी लहान होते तेव्हापासून त्यांच्या मागे बसून साथ करायची, आणि सप्ताहात त्यांचा घसा बसला की चाल मीच पुढे न्यायची. मुलगी असून गाते म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, मग लोकांना सवय झाली. मामांनी "वा वा" म्हणून मान हलवली. हे मात्र त्या वेळी अंगणातल्या खांबाकडे बघत होते. मग आमच्याकडे वळून त्यांनी आख्ख्या कार्यक्रमातला आपला एकुलता एक प्रश्न विचारला, "गावात कुणाकडे रेडिओ आहे का?"

लग्नानंतर कळलं की आमच्या घरात रेडिओ आहे आणि त्याच्याभोवती जी जागा उरते तिला संसार म्हणतात. मी चुलीपुढे काही गुणगुणायला लागले की बाहेरून आवाज यायचा, "अगं, जरा गप्प बस, स्टेशन जाईल." जसं काही स्टेशन म्हणजे वळचणीचं कबुतर. त्या शॉर्टवेव्हचं तरी काय कौतुक सांगावं. आधी सूं सूं, मग खरखर, मग कुठल्यातरी देशाच्या बातम्या, आणि त्यातून मधेच एखादी पिपाणी डोकं वर काढायची की ह्यांचा चेहरा उजळायचा. माझ्या हातचं पुरणही कधी असं खाल्लं नाही ह्यांनी.

त्यात ब्लूज नावाचा आणखी एक पोटप्रकार होता. तो लागला की मला हाक मारून समोर बसवायचे. "ही बाई ऐक. नवरा टाकून गेलाय तिला, तेच गातेय. बघ, एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, आणि आता तिसरी वेगळी. दुःख हे असं म्हणावं लागतं."

मी म्हटलं, "तीच ओळ पुन्हा आमच्या भजनातही म्हणतात."

"अगं, ते वेगळं," हे म्हणाले. वेगळं कसं, ते काही सांगितलं नाही.

मला गायचं होतं. मोठी गाणारी वगैरे व्हायचं नव्हतं. आठवड्यातून एकदा चार माणसांत बसून मोकळ्या गळ्यानं म्हणायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ह्यांनी ते ऐकावं असं फार वाटायचं. पण "मला गाता येतं हो" असं मी होऊन सांगणार नव्हते. ज्याला सातासमुद्रापलीकडच्या बाईचं दुःख ऐकू येतं त्याला घरातल्या बायकोचा आवाज ऐकू येऊ नये, याचा मला संताप यायचा. दोन वर्षं मी तो गिळून बसले होते.

पुढे कॉलनीत कला मंडळ निघालं आणि हे त्याचे चिटणीस झाले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मंडळाला पत्र्याचा हॉल मिळाला, एक चांगला रेडिओ मिळाला, माइक मिळाला आणि पत्र्यावर लावायला कर्णा. झालं, माकडाच्या हाती कोलीत. दर शनिवारी संध्याकाळी एका परदेशी स्टेशनवर जाझचा कार्यक्रम असायचा, तो आता साऱ्या कॉलनीला ऐकावा लागायचा. दोन गाण्यांच्या मधे ते परदेशी निवेदक बोलायला लागले की हे बटण माइककडे फिरवायचे आणि 'कलावार्ता' वाचायचे, म्हणजे आजूबाजूला कुठे काय चाललंय त्याच्या बातम्या. एरवी भाजीवाल्याशी तारसप्तकात भांडणारा हा माणूस माइकपुढे बसला की विहिरीच्या तळातून बोलायला लागायचा.

लोक यायचे ते या बातम्यांसाठी. चिंचवडला देवळात कीर्तन कधी, आकुर्डीत लेझीम कुठल्या आळीची, कारखान्याच्या नाटकात यंदा लुगडं कोण नेसणार, हे सगळ्यांना हवं असायचं. पण हे "कीर्तन रविवारी सायंकाळी ठीक" एवढं म्हणायचे, तिकडे पिपाणी सुरू व्हायची, आणि हे लगबगीनं बटण फिरवायचे. ठीक किती वाजता ते गुलदस्तात. एकदा "उद्या कॅम्पात भगत आहे" असं वाचून मोकळे झाले. कॅम्पातल्या सिंधी लोकांत भगत म्हणजे गाणं, नाच आणि गोष्ट मिळून होणारा खेळ. पण हे सांगेपर्यंत थांबायला ह्यांना सवड कुठली? आमची शेजारीण रत्नागिरीकडची, तिच्या गावी भगत म्हणजे देवऋषी. ती दुसऱ्या दिवशी पोराला काखोटीला मारून त्याची दृष्ट काढून घ्यायला गेली आणि ढोलकीवर नाच बघून परत आली. "तुझो घोव एक दिवस माझो जीव घेणार गो," ती मला म्हणाली.

मी ह्यांना म्हटलं, "मंडळात बायकांचं भजन ठेवा की."

"ठेवू. पण बायकांना वेळ कधी असतो?"

"शनिवारी संध्याकाळी."

"शनिवारी जाझ आहे."

"ते झाल्यावर ठेवा."

"ते झाल्यावर लोक थांबत नाहीत."

लोक ते चालू असतानाही थांबत नव्हते, पण हे ह्यांना कोण सांगणार? "बघू," म्हणाले. ह्यांचं 'बघू' म्हणजे काय ते मला एव्हाना पाठ झालं होतं.

शेवटी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे कारखान्यातले एक साहेब, ह्यांना म्हणाले की हॉल रिकामाच राहणार असेल तर शनिवारी तिथे टेबल टेनिस खेळू द्या. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ठरलं की हमरस्त्यावर मोठा बोर्ड लावायचा आणि गावोगावच्या लोकांना बोलवायचं. मजकूर ह्यांनी स्वतः लिहून दिला. 'शनिवारी सायंकाळी अमेरिकेतील जाझ. सर्व कलाप्रेमींना आग्रहाचे निमंत्रण.' मी पुन्हा एकदा विचारलं, "खाली बायकांच्या भजनाचं घालता का?" तर म्हणे, "बोर्डात जागा नाही."

बोर्ड रंगवायला दिला कारखान्यातल्या पेंटरला. हा लातूरकडचा, हात देखणा, आणि चुकीचं काही लिहायचं नाही असा बाणा. त्यानं तो मजकूर वाचला आणि त्याच्या ध्यानात आलं की ह्यांनी घाईत घोळ केलाय. त्यानं तो आपल्या मनानं सुधारला आणि बोर्ड रस्त्याला नेऊन ठोकला. हे सकाळी कारखान्यात जायचे ते मागच्या फाटकातून, त्यामुळे शनिवारपर्यंत ह्यांनी बोर्ड पाहिलाच नाही.

त्या शनिवारी हॉलपाशी गेलो तर आत मुंगीला शिरायला जागा नाही. सतरंज्या भरल्या होत्या, दारात माणसं, खिडक्यांत माणसं. थेरगावची मंडळी नदी ओलांडून आली होती, आकुर्डीची आली होती. धोतरं, पांढऱ्या टोप्या, कपाळाला बुक्का. ह्यांचा ऊर भरून आला. मला म्हणाले, "बघितलंस? आणि तू म्हणायचीस जाझला कोण येणार."

मला मात्र वेगळंच दिसत होतं. जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात, दोरीनं बांधलेली, झांजांची जोडी होती. एकाच्या मांडीवर पखवाज होता. मी शेजारणीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पेंटर पुढे आला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं ह्यांना म्हणाला, "साहेब, तुमचं ज अन् झ अदलाबदल झालतं. मी नीट केलो. अन् वरचं टिंब राहिलतं, तेबी दिलो."

जाझची झांज झाली होती. हे भिंतीला टेकले.

अमेरिकेत झांज वाजवतात ही बातमी पंचक्रोशीत पोचली होती, आणि जी मंडळी झांज वाजवत जन्म काढतात ती घरी कशी बसतील? थेरगावच्या मंडळाचे बुवा सगळ्यांत पुढे बसले होते. पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांच्या शेजारी ताटात नारळ, हार आणि बुक्क्याची डबी. पाहुणं मंडळ आलं की त्याचा मान करायचा असतो, तो करायला ते तयारीनं आले होते.

"पाव्हनं कुटं उतरल्यात?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"ते इथे आलेले नाहीत. रेडिओवर आहेत."

"आसं व्हय. म्हंजी तितनंच म्हननार."

"हो. पण ते झांज नाही, ते जाझ आहे."

"तुमी म्हनता तसं," बुवा समजुतीनं म्हणाले. शहरातल्या माणसाला उच्चार जमत नाहीत हे त्यांना माहीत असावं.

हे काही बोलणार तोच वेळ झाली आणि पिपाणी सुरू झाली. मी म्हटलं, आता पळापळ होणार. पण कुणी हललं नाही. पाहुणा कसाही गायला तरी मधे उठायचं नाही, ही त्या लोकांची रीत. सगळे माना खाली घालून कान देऊन ऐकत राहिले, ताल सापडतोय का ते मांडीवर बोटांनी बघत राहिले. पहिलं गाणं संपलं तेव्हा बुवांनी डोळे उघडले.

"झांज हाय," ते म्हणाले. "पर येकच हाय. काठीनं मारतोय. जोड हारवलेली दिसतीया गरिबाची."

मी तोंडात पदर कोंबला. ह्यांचे कान लाल झाले. आणि तरी सांगते, दोन वर्षांत ह्यांनी मला इतकं जाझ समजावलं, त्यात ती झांज मला कधी ऐकू आली नव्हती. बुवांनी सांगितल्यावर आली.

आणखी एक-दोन गाणी झाली आणि बुवा उठले. मान करायची वेळ झाली होती. पाहुणे समोर नव्हते, तेव्हा त्यांनी रेडिओलाच बुक्का लावला, पुढ्यात नारळ ठेवला आणि हार घालायला लागले. हे ओरडत धावले, "अहो, अहो, आत व्हॉल्व्ह आहेत." पण तोवर हार पडला होता, आणि घालताना बुवांचं मनगट रेडिओच्या बटणाला घासून स्टेशनचा काटा चांगला बोटभर सरकला. पिपाणी गेली, नुसती खरखर उरली.

मी समोर होते, मी डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, "अहो, काटा सरकलाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? एरियल गेलीय."

"एरियल नाही, काटा."

"एरियल आहे," हे म्हणाले, आणि शिडी लावून पत्र्यावर चढले. गर्दी म्हणू नका, अब्रू म्हणू नका, हा माणूस सगळ्यांना खरखरीसमोर बसवून वर तार चाचपायला गेला. पत्रा दणदण वाजत होता. त्या क्षणी मला वाटलं, माहेरी निघून जावं.

खाली बुवा अस्वस्थ झाले. "पाव्हन्यांनी त्यांचं म्हटलं," ते आपल्या लोकांना म्हणाले. "आता आपल्याला म्हनाया पायजे. न्हाईतर बरं न्हाई दिसायचं." एका मंडळानं म्हटलं की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, न देता उठणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. मग तो पाहुणा अमेरिकेतला का असेना. पण त्यांच्यातल्या गाणाऱ्याचा घसा नुकत्याच झालेल्या सप्ताहात पार बसला होता, आणि बाकीचे होते ते झांजा बघायला आलेले झांजवाले. बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तुमी चाकनच्या बुवांची लेक न्हवं? मगाधरनं बगतोय. सप्त्यात ऐकलंय तुमाला मी. बारक्या हुता तवा. म्हना आमच्यासंगं."

समोर एवढा पुरुषांचा जमाव, वर पत्र्यावर नवरा. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं तर शेजारणीनं दंडाला धरून मला माइकपुढे बसवलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि तिनं बटण रेडिओवरून माइककडे फिरवलं.

मी वडिलांचा आवडता अभंग घेतला. पहिली ओळ कापरी आली. दोन वर्षांत गळा गंजला होता. मग पखवाजावर थाप पडली आणि एकदम सगळ्या झांजा उतरल्या. पत्र्याच्या हॉलमध्ये तो आवाज छातीत शिरतो. माझा गळा सुटला. मला लाज, राग, कॉलनी, काही आठवेना. पुढची ओळ कुठे न्यायची ते मला न सांगता कळत होतं आणि मागून सगळे माझ्याबरोबर येत होते. मला रडूही येत होतं आणि मी ते तसंच सुरात घातलं.

दुसऱ्या कडव्याच्या वेळी पत्र्यावरची दणदण थांबली. मग वरून, कर्ण्याच्या शेजारून, ह्यांचा आवाज आला. "कुणी बटणाला हात लावू नका रे. स्टेशन लागलंय."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. भजन चालू होतं.

अभंग संपला तेव्हा हे शिडीवरून उतरून आत आले. गुडघे गंजानं माखलेले, केसांत जळमटं, आणि डोळे, मी ते डोळे ओळखत होते, पिपाणी सापडल्यावर व्हायचे तसे. सरळ रेडिओपाशी गेले. "कुठलं स्टेशन होतं? कुणी काटा बघितला का? काय बाई आहे ती, कोण आहे कोण?"

बुवा म्हणाले, "ष्टेशन कसलं? तुमच्या बाई हायत की त्या."

ह्यांनी बटण पाहिलं, माइक पाहिला, मग मला पाहिलं. आपल्याच घरात चुकून दुसऱ्याच खोलीत शिरल्यासारखा चेहरा झाला.

"तू गातेस?"

या प्रश्नाची मी इतके दिवस वाट पाहिली होती आणि त्यावर काय काय सुनवायचं ते मनात शंभर वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही.

"तुम्ही कधी विचारलंत?" मी म्हटलं.

ह्यांनी रेडिओकडे पाहिलं. काटा सरकलेला त्यांना आता दिसला. सवयीनं हात गेला, त्यांनी तो जागेवर आणला, माइकवरचं बटण रेडिओकडे फिरवलं, आणि ती बाई, ती दुःख म्हणणारी, रेडिओतून स्वच्छ गायला लागली. इतकं स्वच्छ स्टेशन आमच्या घरी कधी लागलं नव्हतं. हे तिथेच वाकून क्षणभर ऐकत राहिले. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. लोकांतून वाट काढत आले, थेरगावच्या दोघांना सरकवून सतरंजीवर मांडी घालून बसले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हण."

मला इतका राग आला होता की काय सांगू. मी दुसरा अभंग धरला, नेहमीपेक्षा चांगला दोन सूर वर, आणि तो संपेपर्यंत त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.